कापसाच्या पेशीचा दरवाजा

परभणी जिल्ह्यांतील सेलू तालुक्यांत देवगाव फाटा नांवाचें एक ठिकाण आहे. मंठ्याहून जिंतूरकडे जाणाऱ्या वाटेला येथें सेलू-पाथरीचा रस्ता फुटतो. भोंवतालची जमीन काळी. तींत कापूस, तूर, सोयाबीन हीं बहुतांशीं पावसाच्या भरंवशावरचीं पिकें. मृगाच्या सरी पडल्या, कीं ह्या टापूंतील शेतकरी बाजारांतून सरकीच्या पिशव्या विकत आणतो आणि पुढल्या वर्षीं पुन्हां त्याच दुकानाची पायरी चढतो. त्याच्या आजाची रीत निराळी होती. तो घरच्या कापसाचीच सरकी राखून ठेवी आणि पेरणीच्या वेळीं ती शेणमातींत घोळून शेतांत टाकी. आजा आणि नातू ह्यांच्या रीतींत जें अंतर पडलें, त्याचीं कारणें पुष्कळ आहेत. त्यांत व्यापार आहे, कायदा आहे, संकरित वाणांच्या भरघोस उत्पन्नाचें आकर्षणही आहे. परंतु त्यांतील एक कारण साध्या डोळ्यांस दिसतच नाहीं. तें म्हणजे वनस्पतीच्या पेशीभोंवतींची भिंत. ही भिंत ओलांडून पेशींत नवा गुण नेण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास म्हणजे कांहीं अंशीं ह्या शेतकऱ्याच्या पिशवीचाच इतिहास होय.

प्राण्याच्या पेशीभोंवतीं केवळ एक पातळ पटल असतें. वनस्पतीच्या पेशीस त्या पटलाबाहेर आणखी एक कोट असतो आणि तो सेल्युलोज नांवाच्या चिवट द्रव्याचा बनलेला असतो. १६६५ सालीं रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाच्या पातळ कापांत सूक्ष्मदर्शकाखालीं ज्या कोठड्या पाहिल्या, त्या वस्तुतः मृत पेशींच्या भिंतीच होत्या. कापसाच्या बाबतींत ही गोष्ट विशेष मौजेची आहे. सरकीच्या सालीवरील एकेक पेशी लांबत जाते आणि तीच कापसाचा तंतु बनते. पिकलेल्या तंतूचा बहुतेक सारा भाग सेल्युलोजचा असतो. म्हणजे शेतकरी बाजारांत जो कापूस विकतो, ती पेशीची भिंतच होय! जी भिंत शेतकऱ्याचें धन, तीच शास्त्रज्ञाची अडचण.

ह्या भिंतीला छिद्रें असतात. त्यांतून पाणी, क्षार, साखर हे पदार्थ ये-जा करतात. परंतु हीं छिद्रें सामान्यतः २० नॅनोमीटरांहून मोठीं नसतात. एका मिलिमीटराचे १० लक्ष समान भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी अशा सुमारें ८०,००० नॅनोमीटरांची भरते. आनुवंशिक गुणाची आज्ञा ज्यांत लिहिलेली असते, त्या घटकास जनुक म्हणतात. जनुक म्हणजे डी.एन.ए. नांवाच्या लांबच लांब रेणूचा एक तुकडा. एवढा मोठा रेणू एवढ्या अरुंद छिद्रांतून आपण होऊन आंत शिरत नाहीं. त्याला कोणी तरी आंत पोंचवावा लागतो.

पहिला वाटाड्या शास्त्रज्ञांनीं घडविला नाहीं. तो निसर्गांत आधींपासूनच होता. फळझाडांच्या व फुलझाडांच्या बुंध्याशीं कधीं कधीं गांठी उठतात. १९०७ सालीं स्मिथ आणि टाउनसेंड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें, कीं ह्या गांठींचें कारण मातींत राहणारा एक जंतु आहे. ह्यालाच आज ॲग्रोबॅक्टेरियम म्हणतात. पुढें १९४७ च्या सुमारास आर्मिन ब्राउन ह्यांना असें आढळलें, कीं जंतु मारून टाकला, तरी गांठ वाढतच राहते. जंतूनें पेशीला कांहीं तरी कायमचें शिकवून ठेवलेलें असावें, असा त्याचा अर्थ होता. तें 'कांहीं तरी' काय, ह्याचा उलगडा १९७७ सालीं मेरी-डेल चिल्टन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं केला. जंतु स्वतःच्या डी.एन.ए.चा एक तुकडा वनस्पतीच्या पेशींत सोडतो आणि तो तिच्या आनुवंशिक संचांत कायमचा बसतो! मग गांठी उठविणारा भाग काढून टाकून त्या जागीं हवें तें जनुक बसविलें, तर हाच उपद्रवी जंतु टपालवाल्याचें काम करील, ही कल्पना सुचण्यास वेळ लागला नाहीं. १९८३ सालीं बेल्जम व अमेरिका येथील निरनिराळ्या प्रयोगशाळांनीं ती प्रत्यक्षांत आणली.

परंतु हा टपालवाला सर्व घरीं सारख्याच खुशीनें जात नसे. गहूं, मका, भात अशीं तृणधान्यें प्रारंभीं त्याला दाद देईनात. तेव्हां कॉर्नेल विद्यापीठाचे जॉन सॅनफर्ड ह्यांनीं सरळ बंदुकीचा मार्ग धरला. धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर डी.एन.ए.चा लेप द्यावयाचा आणि ते कण वेगानें पेशींवर झाडावयाचे, ही ती युक्ति. प्रयोगासाठीं त्यांनीं कांद्याची साल निवडली. कारण तिच्या पेशी मोठ्या असतात. १९८७ सालीं हे प्रयोग प्रसिद्ध झाले. टंगस्टनचे कण कांद्याच्या पेशींत घुसले होते आणि त्यांनीं नेलेली आनुवंशिक सामग्री आंत कार्य करीत होती. दरवाजा उघडत नाहीं म्हणून भिंतीला भोंक पाडावें, असा हा प्रकार होता. ह्यांत पेशींची हानि होते आणि जनुक कोठें व किती ठिकाणीं जाऊन बसेल, ह्याचा नेम राहत नाहीं. तथापि कामापुरता मार्ग सांपडला.

ह्यापुढची अडचण कापसाच्या इतिहासांत फार महत्त्वाची ठरली. एका पेशींत जनुक गेलें म्हणजे झाड तयार झालें, असें नाहीं. त्या एका पेशीपासून सबंध रोप वाढवावें लागतें. तंबाखूची पेशी हें काम सहज करते. कापसाची करीत नाहीं. कापसाच्या असंख्य वाणांपैकीं फारच थोडे वाण कांचनळींतील पोषक द्रव्यावर पुन्हां रोपाचें रूप धारण करण्यास राजी झाले. त्यांत अग्रेसर ठरला तो अमेरिकेंतील दक्षिण कॅरोलायनांत पैदा झालेला कोकर ३१२ हा वाण. साहजिकच जगांतील पुष्कळशा कापूस-प्रयोगांत जनुक प्रथम कोकरमध्यें घालावें आणि मग तें इतर वाणांत संकरानें उतरवावें, हीच पद्धत रूढ झाली. आपल्या हव्या त्या वाणांत जनुक थेट नेण्याची सोय राहिली नाहीं. दरवाजा होता, पण तो एकाच घराला होता.

ह्या घरांतून जें जनुक बाहेर पडलें, तें बी.टी. ह्या नांवानें आज खेडोपाडीं माहीत आहे. जपानांत १९०१ सालीं इशिवाता ह्यांनीं रेशमाचे किडे मारणारा एक जंतु शोधून काढला होता. त्यानंतर कांहीं वर्षांनीं जर्मनींतील थुरिंजिया प्रांतांत बर्लिनर ह्यांना तसाच जंतु आढळला आणि त्या प्रांतावरून त्याचें नामकरण झालें. हा जंतु जें प्रथिन तयार करतो, तें अळीच्या आंतड्यांस भोंकें पाडतें. हें प्रथिन तयार करण्याची आज्ञा कापसाच्या झाडालाच दिली, म्हणजे बोंड खाणारी अळी बोंड खाऊनच मरेल, असा हिशेब होता. १९९६ सालीं अमेरिकेंत असा कापूस शेतांत आला.

भारतांत तो आला, तो मराठवाड्याच्याच वाटेनें. हिंगोली येथें १९३१ सालीं जन्मलेले बद्रीनारायण बारवाले ह्यांनीं १९६४ सालीं जालना येथें महिको ही बियाणें-कंपनी स्थापन केली होती. १९९५ सालीं सरकारनें ह्या कंपनीस कोकर ३१२ ह्या वाणाची बी.टी. जनुक असलेली १०० ग्रॅम सरकी अमेरिकेंतून आणण्याची परवानगी दिली. ओंजळींत मावेल एवढीच ती सरकी! तिच्यापासून वाढविलेल्या झाडांचा भारतीय वाणांशीं पुनःपुन्हां संकर करण्यांत आला आणि पिढीमागून पिढी कोकरचे इतर गुण मागें टाकून तेवढें एक जनुक पुढें आणण्यांत आलें. २६ मार्च २००२ रोजीं मेक १२, मेक १६२ व मेक १८४ ह्या तीन बी.टी. वाणांना मान्यता मिळाली. हे तिन्ही वाण संकरित होते. संकरित पिकाची सरकी राखून पेरली, तर पुढच्या पिढींत गुण विखुरतात. म्हणून ती दरवर्षीं नव्यानें विकत घ्यावी लागते. ज्याच्या हातीं जनुक, त्याच्या हातीं पिशवी, असा नवा व्यवहार येथून सुरू झाला.

ह्या व्यवहाराची झळ परभणीच्या कृषिसंशोधनास कशी पोंचली, हें पाहण्याजोगें आहे. निजामाच्या राजवटींत १९१८ सालीं परभणीस मोठें प्रायोगिक शेत काढण्यांत आलें. १९५६ सालीं तेथें कृषि महाविद्यालय निघालें आणि १८ मे १९७२ रोजीं मराठवाडा कृषि विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून त्यास वसंतराव नाईक ह्यांचें नांव आहे. ह्या विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस केंद्रानें नांदेड-४४ हा संकरित वाण काढला. कोरडवाहू जमिनींत टिकणारा व रस शोषणाऱ्या किडींस पुष्कळ अंशीं तोंड देणारा म्हणून तो वाण महाराष्ट्रांत व बाहेरही शेतकऱ्यांच्या विशेष आवडीचा झाला. परंतु २००२ नंतर बाजारांत बी.टी.चा बोलबाला झाला आणि नांदेड-४४ मध्यें तें जनुक नव्हतें. अंगचे गुण कायम असूनही तो मागें पडला. पुढें महाबीज ह्या राज्याच्या बियाणें महामंडळाच्या साहाय्यानें त्यांत बी.टी. जनुक उतरविण्यांत आलें खरें. पण मधल्या काळांत शेतकरी दुसऱ्या वाणांकडे वळले होते.

देशी कापसाची अवस्था ह्याहून बिकट झाली. परभणीच्या मेहबूब बाग केंद्रांत देशी कापसाचे लांब धाग्याचे सरळ वाण पैदा करण्याचें काम चिकाटीनें चालत आलेलें आहे. ह्या वाणांची सरकी घरीं राखतां येते आणि त्यांचीं झाडें पावसाचा ताण सोसतात. परंतु देशी कापसाच्या पेशींत २६ गुणसूत्रें असतात आणि कोकरसारख्या अमेरिकन कापसाच्या पेशींत ५२. ह्या दोहोंचा संकर बहुधा वांझ निपजतो. म्हणून कोकरच्या घरांतील जनुक देशी कापसाच्या घरीं संकराच्या वाटेनें सहजीं नेतां आलें नाहीं. एका भिंतीची अडचण अशा रीतीनें शेवटीं बियाण्याच्या निवडीची अडचण झाली.

सरकारी संशोधकांनीं ह्यांतून मार्ग काढण्याचा एक प्रयत्न केला होता. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचें कृषि विद्यापीठ ह्यांच्या सहकार्यानें बिकानेरी नरमा ह्या भारतीय सरळ वाणांतच बी.टी. जनुक घालण्यांत आलें. त्याची सरकी शेतकऱ्याला राखतां येणार होती. २००९ सालीं हें बियाणें शेतांत गेलें. पण त्यांत खासगी कंपनीच्या जनुकाची भेसळ असल्याचें आढळल्यानें तें लागलीच थांबवावें लागलें. चौकशीसाठीं नेमलेल्या समितीनें २०१२ सालीं ह्या भेसळीस दुजोरा दिला. आजाची रीत नव्या विद्येसह परत आणण्याची एक संधि अशी हातची गेली.

मध्यंतरीं अळीही स्वस्थ बसली नव्हती. प्रारंभींचीं वर्षें हिरव्या बोंडअळीचा उपद्रव खरोखरच कमी झाला व फवारण्या घटल्या. २००६ सालीं दोन जनुकें असलेला बी.टी. कापूस आला. परंतु शेंदरी बोंडअळी जवळ जवळ कापसावरच जगणारी. तिच्या पिढ्यांमागून पिढ्या त्याच विषाशीं झुंजत राहिल्या आणि ज्या वांचल्या, त्यांचीच प्रजा वाढली. विषाची संवय नसलेल्या अळ्याही शिल्लक राहाव्यात, म्हणून शेताच्या कडेनें बिगर-बी.टी. कापसाच्या ओळी लावाव्या, असा नियम होता आणि त्यासाठीं पिशवीबरोबर निराळी सरकीही मिळत असे. पण तो नियम फारसा पाळला गेला नाहीं. २०१० सालीं एका जनुकाच्या कापसावर ही अळी टिकल्याचें गुजरातेंतून जाहीर झालें. कांहीं वर्षांतच दोन जनुकांचा कापूसही तिला अडवूं शकेना. २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांनीं गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या डोमकळ्या आणि आंतून पोखरलेलीं बोंडें शेतोशेतीं पाहिलीं. तात्पर्य, एकदां भिंत ओलांडून जनुक आंत नेलें, कीं काम संपलें, असें नाहीं. अळी बदलते, तसें झाडही बदलतां आलें पाहिजे. आणि तें ज्याच्या त्याच्या प्रदेशाच्या वाणांत, थोड्या वेळांत बदलतां आलें पाहिजे.

येथें ह्या इतिहासाचें सर्वांत अलीकडचें पान उघडतें. भिंत फोडण्याऐवजीं, किंवा जंतूची मनधरणी करण्याऐवजीं, भिंतीच्या छिद्रांतूनच जाईल एवढें लहान वाहन तयार करावें, ही ती कल्पना. २००७ सालीं अमेरिकेंतील आयोवा राज्यांतल्या संशोधकांनीं वाळूच्याच द्रव्याचे, म्हणजे सिलिकाचे, मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र कण बनविले. त्यांच्या पोकळ्यांत औषध भरलें, सोन्याच्या कणांनीं त्यांचीं तोंडें बंद केलीं आणि बाहेरून जनुक जोडलें. मात्र ते अखंड भिंतींतून नेण्यास त्यांना बंदुकीचाच आधार घ्यावा लागला. २०१९ सालीं बर्कली येथील मार्किटा लँड्री आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं कोळशाच्या मूलद्रव्याच्या पोकळ नळ्या वापरल्या. एकेरी भिंतीच्या अशा नळीची जाडी एखाद्या नॅनोमीटराच्या घरांत आणि लांबी शेंकडों नॅनोमीटरांची. म्हणून ती सुईसारखी छिद्रांतून सरकते. डी.एन.ए. ऋण विद्युद्भाराचा असतो. नळीवर धन भाराचें द्रव्य चढविलें, कीं तो तिला चिकटतो. हें द्रावण पानांत सोडल्यावर जनुकाचें कार्य आंत दिसलें, असें त्यांनीं प्रसिद्ध केलें. त्या पानांत तंबाखूच्या जातीच्या झाडाबरोबर गहूं आणि कापूसही होता.

ह्यांत परिणाम तात्पुरता असतो, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. पानांत गेलेलें जनुक पानाबरोबर गळून जातें. तें बीजांत उतरत नाहीं. शेतकऱ्याला पान नको, सरकी हवी. म्हणून २०१७ सालीं चिनी शास्त्रज्ञांनीं कापसावरच केलेला प्रयोग अधिक कुतूहलाचा ठरला. त्यांनीं लोहाच्या चुंबकीय नॅनोकणांवर किडीस विरोध करणारें जनुक बसविलें आणि चुंबकाच्या ओढीनें तें कापसाच्या परागकणांत नेलें. परागकणाच्या कवचाला मूळचींच लहान द्वारें असतात. त्या परागांनीं फुलें फळविलीं आणि आलेली सरकी पेरली, तर जनुक पुढच्या पिढींत उतरलेलें आढळलें, असें त्यांचें म्हणणें होतें. हें खरें ठरलें, तर कांचनळी नको, महिनोन्महिने रोप वाढविणें नको आणि कोकरही नको! परभणीचा वाण परभणींतच, त्याच्याच फुलांत, नवा गुण घेऊं शकेल.

परंतु शास्त्रांत एका प्रयोगशाळेचा शब्द अखेरचा मानीत नाहींत. २०२० सालीं दुसऱ्या संशोधकांनीं मका, ज्वारी व लिली ह्यांच्या परागांवर तीच युक्ति करून पाहिली आणि त्यांना यशाचा पुरावा मिळाला नाहीं. उलट २०२२ सालीं चीनमधीलच दुसऱ्या गटानें मक्याच्या परागांवर थंड द्रावणांत संस्कार करून यश आल्याचें नोंदविलें. कापसाचा पराग व मक्याचा पराग एकसारखे नाहींत, हेंही खरें. ज्या पद्धतीविषयीं जाणते लोकच असे साशंक आहेत, तिच्यावर शेतकऱ्यानें आज हवाला ठेवावा, असें कोणी सांगूं नये. शिवाय हे कण पानांत, मातींत व अन्नांत गेल्यावर काय करतात, ह्याची कसोशीनें तपासणी झाल्यावांचून त्यांना शेतांत स्थान देणें शहाणपणाचें होणार नाहीं.

तरीही ह्या प्रयत्नांचें मोल कमी लेखतां येत नाहीं. बाहेरचें जनुक न घालतां झाडाच्या स्वतःच्याच जनुकांत अचूक फेरबदल करण्याची विद्या आतां हाताशीं आली आहे. मार्च २०२२ मध्यें भारत सरकारनें परकें डी.एन.ए. शिल्लक न राहणाऱ्या अशा पिकांना कडक नियमांतून कांहीं सवलत दिली आणि मे २०२५ मध्यें ह्या पद्धतीनें तयार केलेले भाताचे दोन वाण जाहीर झाले. ह्या फेरबदलाचीं हत्यारें पेशींत पोंचवून नंतर नाहींशीं करावयाचीं असतात. म्हणजे नॅनोकणांनीं नेलेला माल तात्पुरता राहतो, हा त्यांचा दोष येथें गुण ठरूं शकतो.

जंतु, बंदूक आणि नॅनोकण हीं एकाच प्रश्नाचीं तीन उत्तरें आहेत आणि प्रत्येकाबरोबर त्याची किंमतही आली. ज्या मार्गानें गुण आंत गेला, त्या मार्गानेंच ठरलें, कीं कोणत्या वाणाला तो मिळावा आणि कोणत्या वाणानें बाहेर तिष्ठत राहावें. नवा मार्ग खुला झाला, तरी त्याची किल्ली कोणाच्या हातीं राहणार, हा प्रश्न उरतोच. ती परभणी, नांदेड, नागपूर येथील सार्वजनिक केंद्रांच्या हातीं आली आणि तेथें देशी व सरळ वाणांवर काम झालें, तर त्या केवळ नॅनोमीटरभर रुंदीच्या नळीचा उपयोग गांवच्या शेताला होईल. देवगाव फाट्याच्या शेतकऱ्यानें सरकी विकत घ्यावी कीं घरची राखावी, हें त्यानेंच ठरवावयाचें आहे. पण त्यासाठीं दोन्ही सरक्या सारख्याच गुणाच्या असल्या पाहिजेत. आजाजवळ राखलेली सरकी होती, पण अळीपासून तिचें रक्षण नव्हतें. नातवाला रक्षणाचें वचन मिळालें, पण सरकी राखण्याची सोय गेली. ह्या दोन गोष्टी एका बोंडांत आणणें, हेंच पुढील काम आहे.